तुलनेची वस्ती

ऑफिसात तिला सगळे मागून 'मोजपट्टी' म्हणायचे. पुढून म्हणायची कुणाची छाती नव्हती. माहेरी मात्र ती थोरली, कारण एके काळी त्या घरात एक धाकटीही होती. नवरा शिंपी. लग्नाआधी त्याला दोघाचौघांनी बजावलं होतं की बाबा, ही पोरगी मनात डूख धरणारी आहे, जपून. तो म्हणाला, मी शिंपी माणूस, फाटलेलं बघून पळत नाही. पुढे संसार सुखाचा झाला, पण अधूनमधून तो म्हणायचाच, की तुझ्या पोटात इतकं विष आहे, सापसुद्धा तुला दुरूनच नमस्कार करून जाईल.

आता तिचं काम काय, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. समुद्रापलीकडचे लोक निधी पाठवतात. इकडच्या संस्था त्यातून गरिबांसाठी नळ, दवाखाने, शाळा असे कार्यक्रम करतात. मग विचारणारा विचारतो, एवढं केलंत, त्यानं कुणाच्या आयुष्यात काही फरक पडला का? तो फरक कसा मोजायचा, याचा आराखडा थोरली बनवायची. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या, पण शास्त्रशुद्ध हाकायच्या. त्याची रीत अशी. सारख्याच दोन वस्त्या निवडायच्या. एकीत कार्यक्रम करायचा, दुसरीत काही म्हणजे काही करायचं नाही. मग दोन्हीकडे जाऊन पोरं तोलायची, आजारी किती, गेलेली किती ते विचारायचं. दोन्हींतलं अंतर म्हणजे कार्यक्रमाचं यश. त्या दुसरीला म्हणतात तुलनेची वस्ती. ऐकायला कसं अगदी स्वच्छ वाटतं ना? एकदा त्या दुसऱ्या वस्तीत जन्माला येऊन बघा.

थोरली तिथेच जन्मली होती.

वीटभट्टीच्या मागे, कालव्याच्या अलीकडे पत्र्याची घरं. कालव्याच्या पलीकडेही तशीच घरं. पण पलीकडे एके दिवशी गाळलेल्या पाण्याचे नळ आले, टाकी आली, घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका आली. अलीकडे आली ती फक्त गाडी. गाडीतून माणसं उतरायची, पोरांना टांगत्या काट्यावर तोलायची, बायकांना सतराशे साठ प्रश्न विचारायची आणि निघून जायची. वस्तीला वाटायचं, आज विचारताहेत म्हणजे उद्या देतील. आशेला काय लागतं? बायका अंगण झाडून ठेवायच्या, पोरांचे केस विंचरून ठेवायच्या.

मग जुलाब-उलट्यांची साथ आली. पलीकडेही आली, अलीकडेही आली. धाकटी तेव्हा नुकती दोन-दोन शब्द जोडून बोलायला लागली होती. सकाळपासून तिच्या पोटात पाणी ठरत नव्हतं, डोळे खोल गेले होते, आणि नेमकी त्याच दिवशी तोलायची गाडी दारात आली. आई आत धाकटीचे कपडे पिळत होती. थोरली बाहेर काट्याची दोरी धरून उभी होती. काट्याच्या झोळीत धाकटी इतकी निपचित पडली होती की झोळी जरासुद्धा हलेना. तोलणाऱ्या बाईनं मान वर करून मागे उभ्या असलेल्या उंच साहेबांकडे पाहिलं.

"साहेब, गाडीत जलसंजीवनीच्या पुड्या आहेत. एक देऊ का?"

साहेबांनी धाकटीकडे पाहिलं. थोडा वेळ पाहिलं, हे खरं. मग म्हणाले, "इथे नाही. तुलना बिघडेल."

थोरली शाळेत जाणारी पोर, तिला तुलना म्हणजे काय ते कळलं नाही. गाडीतल्या पुड्या पलीकडच्या वस्तीसाठी आहेत एवढं कळलं. थोरलीनं धाकटीला आत नेलं, साहेब मागोमाग जाऊन आईला भेटून आले, गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी गेली.

आईला तिनं पुड्यांचं कधीच सांगितलं नाही. आधी कळत नव्हतं म्हणून सांगितलं नाही, आणि कळायला लागलं तोवर आई कशीबशी पुन्हा उभी राहिली होती. धाकटीचं आयुष्यच तेवढं, म्हणायची. कोंबड्या पाळायला लागली होती, शेजारणीशी भांडायला लागली होती, एखाद्या वेळी हसायचीसुद्धा. तिच्या हसण्यात कोण माती कालवणार?

शिकून नोकरीला लागली तीही त्याच गाडीवाल्यांच्या संस्थेत, प्रश्न विचारणाऱ्यांतली एक म्हणून. मुद्दाम नव्हे, पोटासाठी. पहिल्याच आठवड्यात नव्या लोकांना शिकवायला साहेब स्वतः आले. केस पिकले होते, पण तेच. भिंतीवर काचेच्या चौकटीत एक आलेख लावलेला होता, संस्थेची शान. दोन रेघा. खालची रेघ जवळजवळ सपाट, ती पलीकडची वस्ती, दगावलेली पोरं कमी. वरची रेघ, अलीकडची, एका ठिकाणी उंटाच्या पाठीसारखी वर गेलेली. साहेबांनी छडी त्या उंचवट्यावर ठेवली. म्हणाले, आपण काहीच केलं नसतं तर काय झालं असतं, ते हे. या एका आलेखावर आपल्याला पुढची सगळी वर्षं निधी मिळाला. आणि मग, नवी माणसं बघून जरा रंगात येऊन, म्हणाले, "ते वर्ष आपल्याला लाभलं. साथ आली नसती तर फरक इतका ठळक दिसला नसता."

धाकटी त्या उंचवट्यात होती. लाभलेल्या वर्षात.

थोरली उठली, मोरीत जाऊन तोंड धुऊन परत आली आणि पुढचं सगळं शिक्षण नीट लिहून घेतलं. तुलनेच्या वस्तीत औषध, सल्ला, पुडी, काही द्यायचं नाही, हा नियम साहेबांनीच घातलेला, हेही त्याच दिवशी कळलं. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो मशीन थांबवून म्हणाला, सोड ती नोकरी, दुसरं काहीही कर. ती म्हणाली, मी सोडल्यानं त्याचं काय बिघडणार आहे?  तो पुन्हा मशीन चालवायला लागला.

तिनं काम शिकून घेतलं. असं शिकली की प्रश्न विचारणाऱ्यांतून तपासणाऱ्यांत गेली, तपासणाऱ्यांतून आराखडा करणाऱ्यांत. प्रत्येक पायरीवर तिचं नाव पुढे केलं कुणी? साहेबांनीच. त्यांना काटेकोर माणसं आवडायची. शिवाय माणूस वाईट नव्हता, हीच तर आग. स्वतःचा कप स्वतः विसळायचा. ड्रायव्हरच्या मुलीच्या लग्नात जाऊन खुर्च्या मांडायचा. कुणाचं बाळ आजारी म्हटलं की सुट्टी न मागता द्यायचा. त्या सुट्ट्या बघून थोरली दातओठ खायची. राक्षस असता तर तिरस्कार करायला सोपं गेलं असतं, पण हा भला होता, आणि भलेपणा कालव्याच्या अलीकडे आला की गाडीतच बसून राहायचा. नवरा म्हणायचा, तुझ्या साहेबांनी अस्तनीत निखारा ठेवलाय, आणि मी शिंपी असून त्यांना सांगू शकत नाही की कापड जळतंय.

निवृत्ती जवळ आली तसा साहेबांनी आयुष्यातला सगळ्यात मोठा कार्यक्रम मांडला. तेच नळ, त्याच टाक्या, त्याच सेविका, पण या वेळी देशभर. परदेशी संस्थेकडून एक बाई आल्या. पिकलेल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या, खोलीतल्या गार हवेनं सारखी शाल ओढून घेणाऱ्या. त्यांना सगळे निधीबाई म्हणायचे. त्या म्हणाल्या, आधी थोड्या वस्त्यांत करून दाखवा, फरक नीट मोजा, फरक दिसला तर देशभराचा निधी देऊ. मोजायचा आराखडा कोण करणार? साहेब अभिमानानं म्हणाले, आमच्या बाई करतील, त्यांच्याइतकी कडक नजर कुणाची नाही.

त्या दिवशी थोरली घरी गाणं गुणगुणत आली. नवऱ्याला धडकी भरली.

तिला काय ठाऊक होतं, ऐका. इतकी वर्षं वस्त्यांतून फिरून तिला कळून चुकलं होतं की साहेबांचे नळ दीड-दोन वर्षांत गळायला लागतात, टाक्यांत शेवाळ धरतं. पोरं दगावतात ती मुख्यतः अंगातलं पाणी संपून, आणि ते वेळेवर दिलेल्या एका पुडीनं थांबतं. साहेबांच्या यशातला मोठा वाटा सेविकेच्या पिशवीतल्या पुड्यांचा होता, नळांचा नव्हे. त्यांना हे कळत नव्हतं, कारण तुलनेच्या वस्तीत पुडी जातच नव्हती. मग ती गेली तर? दोन्हीकडे पुडी पोचली, तर दोन रेघांमधलं अंतर जाईल, आणि अंतराबरोबर देशभराचा कार्यक्रम, आणि त्याबरोबर साहेबांचं नाव. यात एक अक्षर खोटं लिहायचं नव्हतं, एक आकडा फिरवायचा नव्हता. फक्त आराखड्यात एक कलम घालायचं होतं. तोलणाऱ्या माणसाला कुठल्याही वस्तीत आजारी मूल दिसलं, तर त्यानं आईला पुडी द्यावी, ती पाण्यात कशी कालवायची ते दाखवावं आणि मग पुढे जावं.

बैठकीत हे कलम वाचलं गेलं तेव्हा साहेब हसले. मग लक्षात आलं तसे हसायचे थांबले.

"पुड्या वाटल्या तर तुलना राहिली कुठे, बाई?"

"मग वाटायच्या नाहीत, असं लिहू?" थोरलीनं विचारलं.

"लिहायचं कशाला? आजवर कधी लिहिलं नव्हतं."

"आता लिहावं लागेल, साहेब. आराखडा आहे. मूल आजारी आहे, पुडी गाडीत आहे, तरी देऊ नये. याच शब्दांत लिहू ना?"

निधीबाईंनी शाल सोडली आणि साहेबांकडे पाहिलं. टेबलाभोवतीची बाकीची माणसं आपापल्या पेल्यांत बघायला लागली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. थोरली या क्षणासाठी किती वर्षं थांबली होती. त्यांच्या तोंडून ते सगळ्यांसमोर निघावं, एवढंच तिला हवं होतं.

"मोठं काम उभं करायचं तर काहींना थोडी कळ सोसावी लागते," साहेब शेवटी म्हणाले.

"कुणाला?"

साहेबांनी पुढचं पान उलटलं. कलम राहिलं.

नंतर ऑफिसात जो तो तिचं कौतुक करत सुटला. काय हो बाईंचं मन, वरून फणस, आतून गरे! कसलं मन आणि कसले गरे? दयेचा मागमूस नव्हता तिथे. काट्यानं काटा काढतात, हिनं पुडीनं माणूस काढायला घेतला होता.

त्या काळात ती स्वतः तुलनेच्या वस्त्यांमधून फिरली, एवढ्या हुद्द्याची बाई असून. कुणी पुडी द्यायला विसरलं तर त्याची धडगत नसायची. एका घरात एक पोर अगदी हातातून निघालं होतं. थोरली तिथे जमिनीवर बसली, चमच्या-चमच्यानं पाणी पाजत राहिली, त्याच्या आईला पाजायला लावलं. ऊन कललं तेव्हा पोरानं डोळे उघडून भाकरी मागितली. आई रडायला लागली. थोरलीलाही आनंद झाला, पण कुठला? तर, हा एक साहेबांच्या रेघेतून सुटला. ऐकायला बरं वाटत नाही हे. पण जे होतं ते होतं, आणि पोर तर जगलंच.

यथावकाश आकडे आले. पुन्हा तीच खोली, तेच टेबल. पडद्यावर दोन रेघा उमटल्या आणि एकमेकींना चिकटून खाली गेल्या. कुठली कुणाची ते रंगावरूनच ओळखावं लागत होतं. त्या वर्षीही साथ आली होती, पण उंचवटा कुठेच नव्हता. निधीबाईंनी पाहिलं आणि विचारलं, की मग नळ आणि टाक्यांनी पोरं वाचली, असं कशावरून म्हणायचं? साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.  शेवटी निर्णय असा झाला की देशभराचा कार्यक्रम रद्द, त्याऐवजी वस्तीवस्तीत पुड्या आणि त्या द्यायला शिकवणाऱ्या बायका. इकडच्या आणि तिकडच्या, सगळ्या वस्त्यांत.

साहेब ठरल्या तारखेच्या आधीच निवृत्त झाले. निरोपाचा समारंभ नको म्हणाले. शेवटच्या दिवशी भिंतीवरचा आलेख उतरवायचा होता. थोरली स्टुलावर चढली आणि तिनं तो स्वतःच्या हातानं उतरवला. खाली साहेब उभे होते. ऑफिसातले बाकीचे जेवायला गेले होते. एका वर्षात त्यांचे खांदे उतरले होते.

"बाई, एक विचारू? मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

या प्रश्नाचं उत्तर तिनं आरशासमोर, बसमध्ये, अंथरुणावर किती वेळा घोकलं होतं. पण तोंड उघडलं आणि दिसलं की यांना काहीच आठवत नाही. वीटभट्टी नाही, काट्याची दोरी धरलेली पोर नाही, धाकटी तर नाहीच. आता सांगितलं तर ते रडतील, माफी मागतील, आणि भला माणूस माफी मागून हलका होऊन घरी जाईल. तो हलकेपणा तिला त्यांना द्यायचा नव्हता.

"काही नाही, साहेब," ती म्हणाली. "तुम्ही शिकवलंत तशी तुलना केली."

 साहेबांनी कप विसळला, पिशवीत घातला आणि जिन्यानं खाली गेले.

झालं. उट्टं काढून झालं. आणि बघा, थोरलीला चैन पडेना. ज्याच्यावर सूड उगवला त्यालाच ठाऊक नाही कशाचा, मग तो सूड कसला? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, बरं झालं, आता तरी नीट झोप. एवढंच. तिला असं कुणी तरी हवं होतं ज्याचं हे दुखणं होतं, ज्याचा यावर हक्क होता. असं जगात एकच माणूस होतं. रविवारी ती आईकडे गेली.

आई अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. वस्ती आता पक्की झाली होती, दारात नळ होता, आईचे गुडघे तेवढे गेले होते. थोरलीनं घाईघाईनं सांगायला सुरुवात केली. पूर्वी तोलायला गाडी यायची, तिच्यातला तो उंच माणूस आठवतो का?

"आठवतो की," आई म्हणाली. "भला होता बिचारा. धाकटीच्या कपाळाला हात लावून बघितला होता त्यानं."

ते 'भला' ऐकलं आणि थोरलीचा तोल गेला. तिनं सगळं सांगितलं. आलेख सांगितला, लाभलेलं वर्ष सांगितलं, कलम सांगितलं, उतरलेले खांदे सांगितले. बोलता बोलता तिचा आवाज चढला, चेहरा फुलला. बघ आई, नाक कापलं त्याचं मी, सगळ्यांसमोर. जिथे नुसत्या पुड्या दिल्या तिथेही पोरं जगली, आकड्यांनी सिद्ध केलं मी.

आईच्या हातातले दाणे हातातच राहिले. कोंबड्या तिच्या पायाशी चोची मारायला लागल्या.

"नुसत्या पुडीनं जगली?"

"हो. नुसत्या पुडीनं."

"आणि तेव्हा त्याच्याकडे होत्या?"

थोरलीला आता कुठे कळलं की आपण काय करून बसलो. पण शब्द निघून गेले होते, आणि आई वाट बघत होती.

"गाडीत होत्या," ती म्हणाली.

आई हळूच पायरीवर बसली. मूठ उघडली, दाणे खाली सांडले. ती दाराबाहेर बघत होती, जिथे तेव्हा गाडी उभी राहायची.

"मी त्याचे हात धरले होते गं," ती म्हणाली. "दोन्ही हात. म्हटलं, साहेब, आमच्या पोरीसाठी कुणी तरी दारापर्यंत आलं, उपकार झाले."